न परतलेल्या विमानांचा हिशोब मांडणारा अब्राहम वाल्ड

पंखांवर आणि शेपटीवर लाल ठिपके असलेलं विमानाचं एक चित्र व्हॉट्सॲपवर फिरत असतं. तुमच्याकडेही कधीतरी आलं असेल. त्याखाली जी गोष्ट असते, ती अब्राहम वाल्ड या गणितज्ञाची.

वाल्ड १९०२ साली जन्मला, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत. त्याचं गाव क्लुज आज रोमानियात आहे. घर सनातनी ज्यू. तिथल्या शाळा शनिवारी भरायच्या आणि ज्यूंना शनिवारी काम वर्ज्य, त्यामुळे पोरगं घरीच शिकलं. १९३१ मध्ये व्हिएन्नात गणितातली डॉक्टरेट मिळाली, पण ज्यू म्हणून विद्यापीठात नोकरी काही मिळेना. अर्थशास्त्राची कामं करून दिवस काढले. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि वाल्डनं अमेरिका गाठली. मागं राहिलेल्या घरच्यांपैकी बहुतेक जण नाझींनी मारले.

महायुद्धात तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लष्करासाठी आकडेमोड करणाऱ्या गटात होता. प्रश्न होता विमानांचा. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं मोजता येत होती. मग जिथं भोकं जास्त, तिथंच चिलखत चढवायचं ना? कुणालाही हेच सुचेल.

पण मोजलेली सगळी विमानं परत आलेली होती. वाल्डनं टिपणात उदाहरणादाखल ४०० विमानं धरली. ३८० परतली, त्यातल्या ३२० ना तर गोळीच लागली नव्हती. उरलेली २० गेली. त्या २० ना गोळ्या कुठं लागल्या, हे कुणीच पाहिलं नाही. खरी माहिती तर तिथंच होती! परतलेल्या विमानांच्या इंजिनावर भोकं कमी दिसत असतील, तर इंजिनाला गोळी लागलेली विमानं परत येत नाहीत, असा त्याचा अर्थ.

चूक करणाऱ्या सेनापतींना वाल्डनं एका वाक्यात गप्प केलं, हा मसाला मात्र नंतरचा. त्याची १९४३ ची टिपणं म्हणजे नुसती किचकट समीकरणं आहेत. ते ठिपक्यांचं चित्रही त्याचं नाही, खूप नंतर कुणीतरी काढलेलं आहे. म्हणजे चुकीचा तर्क ओळखायला शिकवणारी ही पोस्टसुद्धा आपण न तपासताच फॉरवर्ड करतो.

या चुकीची उदाहरणं मात्र घरोघरी सापडतील. आजोबा विड्या ओढून नव्वदी पार गेले, मग विडीनं काय होतं? विडीपायी पन्नाशीत गेलेला माणूस हा वाद घालायला येत नाही. पूर्वीचे वाडे किती भक्कम, असं म्हणताना आपल्यासमोर फक्त उभे राहिलेले वाडे असतात. शाळा सोडून कोट्यधीश झालेल्यांचं तेच.

१९५० मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड व्याख्यानांसाठी इकडे आला. १३ डिसेंबरला नीलगिरीच्या डोंगरात त्याचं विमान कोसळलं. सोबत पत्नीही होती. दोघंही गेले. वाल्ड ४८ वर्षांचा होता, मुलं अमेरिकेत होती. विमानांवरची ती टिपणं पुन्हा छापली गेली थेट १९८० मध्ये.