गोळीचा हिशेब रक्तात मांडणारे ब्रॉडी

हिवरखेडच्या मेडिकलमध्ये तापासाठी सहज मिळणारी पॅरासिटामॉलची गोळी आज घराघरांत आहे. ती विश्वासाने वापरात आली, त्यामागे बर्नार्ड ब्रॉडी या रसायनशास्त्रज्ञाचे मोठे काम आहे.

ब्रॉडींचा जन्म १९०७ चा, इंग्लंडमधील लिव्हरपूलचा. पुढे कुटुंब कॅनडात गेले. शाळेत मन रमेना, म्हणून शिक्षण अर्धवट सोडून ते सैन्यात भरती झाले आणि तिथे मुष्टियुद्धात चमकले. नंतर मॅकगिल विद्यापीठात रसायनशास्त्राची गोडी लागली. १९३५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतले आणि क्विनीनचा पुरवठा तुटला. हिवतापावर ॲटेब्रिनचा पर्याय होता; पण गुण यायला उशीर लागे आणि डोस वाढवला की पोट बिघडे. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात ब्रॉडी व सिडनी उडेनफ्रेंड यांनी प्लाझ्मातील, म्हणजे रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवातील, औषध मोजण्याची पद्धत बसवली. ॲटेब्रिन विशिष्ट प्रकाशात चमकते. त्या चमकेवरून अत्यल्प मात्राही कळे. मोजल्यावर उलगडा झाला. बहुतेक औषध अवयवांत जाऊन बसत होते, प्लाझ्मात थोडेच उरत होते. मग सुरुवातीला मोठा डोस आणि पुढे रोज थोडा, अशी पद्धत ठरली.

युद्धानंतर ज्युलियस ॲक्सेलरॉड त्यांच्याकडे आले. ॲसिटॅनिलाइड हे त्या काळचे वेदनाशामक घेणाऱ्या काहींच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटत असे. १९४८ मध्ये दोघांनी दाखवले की, शरीरात या औषधापासून तयार होणारे ॲनिलिन हा दोष घडवते, तर वेदना थांबते ती प्रामुख्याने पॅरासिटामॉलमुळे. ॲक्सेलरॉड यांना पुढे १९७० चे नोबेल मिळाले, ते मज्जातंतूंवरील कामासाठी.

१९५० पासून ब्रॉडी अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेत होते. आपल्याकडच्या सर्पगंधेतून मिळणारे रेसरपिन सशांच्या मेंदूतील सेरोटोनिन घटवते, हे त्यांच्या गटाने १९५५ मध्ये सांगितले. १९५८ च्या प्रयोगात हेक्सोबार्बिटल हे झोपेचे औषध प्राण्यांना दिले. उंदीर सुमारे १२ मिनिटांत जागे झाले. कुत्र्यांना वजनाच्या हिशेबाने निम्माच डोस दिला होता, तरी ती पाच तासांहून अधिक झोपली. प्लाझ्मातील औषध निम्म्यावर यायला उंदरात १९ मिनिटे, तर कुत्र्यात २६० मिनिटे लागली. फरक पडला तो यकृताच्या वेगामुळे. म्हणून प्राण्याचा डोस केवळ वजनाच्या पटीत वाढवून माणसाला देता येत नाही. नवे औषध माणसापर्यंत येण्याआधी प्राण्यांच्या प्लाझ्मात तासातासाने मोजले जाते, ते यासाठीच.

१९६७ मध्ये ब्रॉडींना लास्कर पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा धडा घरी रोज उपयोगी पडतो. ताप उतरेना म्हणून लगेच दुसरी गोळी घेतली, तर पहिली अजून रक्तात असते. पॅरासिटामॉलचा असा अतिरेक यकृतावर बेततो. मुलांना मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले दोन डोसांमधील अंतर पाळावे. ते अंतर रक्तात मोजून ठरलेले असते.