सह्याद्रीच्या बेडकांना नावे देणारे नारायण राव

एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीच्या पर्जन्यवनांतील बेडूक बाटलीबंद होऊन लंडनला जात आणि तेथील तज्ज्ञ त्यांचे नामकरण करीत. या शास्त्राला भारतीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्थान मिळवून देणाऱ्यांत प्रा. सी. आर. नारायण राव यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१८८२ मध्ये कोइमतूर येथे जन्मलेले राव बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३२ मध्ये सुरू झालेल्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक. मात्र त्यांचा खरा ध्यास बेडकांचा. १९३७ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातील अनेक नव्या बेडकांचे वर्णन प्रसिद्ध केले. हासन जिल्ह्यातील केंपहोळे आणि चिक्कमगळूर जिल्ह्यातील कोट्टिगेहार या ठिकाणांवरून त्यांनी दोन प्रजातींना नावे दिली.

पुढे एक मोठी हानी झाली. ज्या नमुन्यांवरून राव यांनी वर्णने लिहिली, ते सेंट्रल कॉलेजातील मूळ नमुने नाहीसे झाले. वर्गीकरणशास्त्रात मूळ नमुना हाच अखेरचा पुरावा असतो. तो नसेल, तर संशोधकाला मूळ स्थळी जाऊन, मिळालेला बेडूक जुन्या वर्णनाशी ताडून पाहावा लागतो. अशा वेळी नावातच जपलेले गाव मोलाचे ठरते.

राव यांनी झुडपी बेडूक मानलेली केंपहोळेची प्रजाती आज निक्टिबॅट्रॅकस वंशात, तर कोट्टिगेहारची मायक्रिक्सॅलस या नर्तक बेडकांच्या वंशात गणली जाते. वंश बदलले, पण या दोन्ही प्रजाती राव यांनी दिलेल्या नावांनीच टिकून आहेत.

१९६० मध्ये राव यांचे निधन झाले. त्यानंतर ५० वर्षांनी, २०१० मध्ये, झुडपी बेडकांच्या एका नव्या वंशाला त्यांच्या स्मरणार्थ ‘राओर्केस्टिस’ हे नाव मिळाले. या बेडकांच्या अंड्यांतून टॅडपोल नव्हे, थेट इवले बेडूक बाहेर येतात. त्यांना डबक्याची गरज नसते. गरज असते ती दमट, सावलीच्या जंगलाची. गोव्याच्या सीमेलगतच्या कॅसलरॉक येथून १९१९ मध्ये वर्णिलेला झुडपी बेडूकही आता याच वंशात आहे. हरवलेल्या नमुन्यांची उणीव काही अंशी भरून काढता येते. मात्र त्यासाठी नावातले गाव आणि गावाभोवतीचे रान, दोन्ही शिल्लक असावी लागतात.