बंदुकीला मुके करू पाहणारा मॅक्झिम

मॅक्झिम हे आडनाव उच्चारले की जगाला आठवते ती मशीनगन. १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये सर हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम यांनी घडवलेल्या या यंत्राने युद्धाचे स्वरूपच पालटून टाकले. गोळी सुटताच बंदूक मागे जो धक्का देते, त्याच धक्क्याच्या बळावर पुढचे काडतूस आपोआप भरले जावे, ही त्यामागची कल्पना. पित्याने बंदुकीच्या धक्क्याला कामाला जुंपले. पुत्राने मात्र आयुष्याची उमेदीची वर्षे नेमक्या उलट दिशेने वेचली. बंदुकीच्या तोंडातून उसळणारा वायू आवरता येईल का, तिचा दणका आणि धक्का कमी करता येईल का, या प्रश्नाचा त्याने ध्यास घेतला. त्याचे नाव हायरम पर्सी मॅक्झिम.

हायरम पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. घरात संशोधनाचे वातावरण होते; काका हडसन मॅक्झिम हेही पुढे स्फोटकांचे संशोधक म्हणून प्रसिद्धीस आले. पण या घराला स्थैर्य लाभले नाही. १८८१ मध्ये पिता पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनासाठी युरोपला गेले आणि अमेरिकेतील संसाराकडे जवळजवळ पाठ फिरवून इंग्लंडमध्येच स्थिरावले. तेव्हा मुलगा जेमतेम बारा वर्षांचा होता. आई जेन आणि दोन बहिणी यांच्यासह तो अमेरिकेतच वाढला. पुढे पिता-पुत्रांची गाठ क्वचितच पडली. पित्याचा वारसा म्हणून हाती आले ते एक नाव आणि यंत्रांविषयीचे अनिवार कुतूहल.

वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, १८८६ मध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील यांत्रिकी कलांचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. काही वर्षांनी लिन या गावातील तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरी करताना त्यांना स्वयंचलित वाहनाच्या कल्पनेने पछाडले. पेट्रोलच्या अंगी किती बळ आहे हे पाहण्यासाठी त्यांनी तोफेच्या रिकाम्या पितळी काडतुसात पेट्रोलचा थेंब टाकला आणि त्यावर पेटती काडी सोडली. जो भडका उडाला, त्याने त्यांची खात्री पटली. १८९५ मध्ये हार्टफर्ड येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या मोटार विभागात ते दाखल झाले. १८९९ मध्ये कनेक्टिकटमधील ब्रॅनफर्ड येथे बंदिस्त मार्गावर झालेली मोटारशर्यत त्यांनी कोलंबिया गाडी चालवून जिंकली. अमेरिकेतील अशा प्रकारची ती पहिली शर्यत मानली जाते. आदल्याच वर्षी मेरीलँडच्या माजी गव्हर्नरांची कन्या जोसेफिन हॅमिल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

बंदुकीच्या आवाजाकडे ते वळले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. स्नानाच्या टबातील पाणी वाहून जाताना भोवरा करते आणि त्यामुळे ते सावकाश बाहेर पडते, हे पाहून त्यांना ही युक्ती सुचली असे सांगितले जाते. पाण्याला जे लागू ते वायूला का नाही? बंदुकीच्या नळीला पुढे एक लांबट डबी जोडायची, तिच्यात विशिष्ट वळणाच्या चकत्या बसवायच्या, मधल्या छिद्रातून गोळी सरळ निघून जाईल आणि मागून येणारा तप्त वायू मात्र चकत्यांमध्ये गरगरत, थंडावत, हळूहळू बाहेर पडेल. ३० मार्च १९०९ रोजी या रचनेला अमेरिकी पेटंट मिळाले. हार्टफर्डमध्ये कंपनी उभी राहिली आणि सायलेन्सर हा शब्द घरोघरी पोहोचला. माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांच्याही एका विंचेस्टर रायफलवर मॅक्झिम यांची ही डबी होती. लष्करानेही स्प्रिंगफील्ड रायफलवर तिच्या चाचण्या घेतल्या.

आवाज कमी, धक्का कमी, ज्वाळा नाहीशी, असा या उपकरणाचा त्रिविध दावा होता. तो कितपत खरा ठरला, हे कोणती बंदूक हाती आहे यावर अवलंबून होते. बंदुकीचा आवाज एकच नसतो. नळीच्या तोंडाशी दाबाखालील वायू एकाएकी मोकळा होतो तो एक दणका. गोळी ध्वनीपेक्षा अधिक वेगाने हवा कापत जाते तेव्हा होणारा कडाडा हा दुसरा. सायलेन्सर पहिल्याला आवरतो, दुसऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. लष्करी रायफलची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास धावते. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर. त्यामुळे मोठ्या रायफलवर दणका उणावला तरी कडाडा उरतच असे.

खरी किमया दिसली ती लहानग्या पॉइंट टू टू रिमफायर रायफलवर. ज्या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, ते रिमफायर. त्यातील सर्वांत लोकप्रिय लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून प्रचारात आहे. त्याची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि दारू दशांश ग्रॅमच्या आसपास. नेमबाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्या साध्या प्रकारात गोळी ध्वनीच्या वेगाआतच राहते. कडाड्याचा प्रश्नच नाही. उरला तो वायूचा फुसकारा, आणि त्याला आवरणे मॅक्झिम यांच्या डबीला सहज साधत असे. शेजाऱ्यांना त्रास न देता घराच्या अंगणात नेमबाजीचा सराव करावा, अशा जाहिराती कंपनीने केल्या त्या याच बळावर.

धक्क्याची गोष्ट मात्र नेमकी उलटी होती. बंदुकीचा धक्का गोळीच्या आणि तिच्यामागून सुटणाऱ्या वायूच्या अशा दोहोंच्या संवेगातून येतो. तोंडावरचे उपकरण गोळीला हात लावू शकत नाही. ते फक्त वायूला अडवू वा वळवू शकते. मोठ्या रायफलमध्ये तीन-सव्वातीन ग्रॅम दारू जळते आणि एकूण धक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा वायूचा असतो. तेथे उपकरणाला करण्याजोगे काम असते. रिमफायर रायफलमध्ये हा हिस्सा ढोबळ हिशेबाने आठव्या भागाइतकाच, आणि मूळ धक्काच इतका क्षीण की मोठ्या रायफलच्या धक्क्याची ऊर्जा त्याच्या शंभर पटींहून अधिक भरते. शिवाय लांब नळीत ती चिमूटभर दारू केव्हाच जळून गेलेली असते आणि तोंडाशी पोहोचेपर्यंत वायूचा दाब बराच ओसरलेला असतो. त्यामुळे अशा रायफलवर धक्का कमी झाल्याचे नेमबाजाला जाणवले, तर त्याचे श्रेय वायूपेक्षा नळीच्या टोकाशी वाढलेल्या वजनाला अधिक जाते. हे वजन नळीची थरथरही बदलते आणि त्याचा परिणाम नेमावर होऊ शकतो, कधी चांगला, कधी वाईट.

वायूला वरच्या बाजूस सोडून बंदुकीचे तोंड खाली दाबून ठेवणारा काँपेन्सेटर पुढे १९२० च्या दशकात अमेरिकी मरीन दलातील कट्स पिता-पुत्रांनी प्रसिद्धीस आणला आणि तो थॉम्पसन सबमशीनगनवर बसला. तेथेही तत्त्व तेच : वायू भरपूर असेल तर फळ मोठे. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांमध्ये काँपेन्सेटर आणि मझल ब्रेक यांना मज्जाव आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे मिळवलेले विश्वविजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील कांस्यपदक, ही दोन्ही पदके अशाच रिमफायर रायफलची आणि अशा कोणत्याही मदतीविना मिळवलेली.

या साऱ्या उठाठेवीमागे घरचीच एक वेदना होती असे म्हणण्याचा मोह होतो. आयुष्यभर स्वतःच्या बंदुकांच्या सान्निध्यात राहिलेले थोरले मॅक्झिम उतारवयात जवळजवळ ठार बहिरे झाले होते. २४ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा युरोपच्या खंदकांवर त्यांच्याच यंत्राची भावंडे मृत्यू ओकत होती. पुत्राने आपल्या डबीचा संबंध पित्याच्या बहिरेपणाशी जोडला होता की नाही हा भाग अलाहिदा. पण कानांचे रक्षण हाच त्या डबीचा सर्वांत निर्विवाद गुण ठरला.

लोकांनी मात्र तिच्यात दुसरेच काही पाहिले. मुकी बंदूक म्हणजे मारेकऱ्याचे आणि चोरट्या शिकाऱ्याचे हत्यार, ही भीती पहिल्यापासून होती. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय शस्त्र कायदा झाला आणि मशीनगनबरोबरच सायलेन्सरवरही नोंदणीची सक्ती व दोनशे डॉलरचा कर लादला गेला. डबीच्या मूळ किमतीच्या तो कितीतरी पट होता. पित्याचे घोर यंत्र आणि पुत्राची शांत डबी एकाच कायद्याच्या एकाच यादीत जाऊन बसली. दोनशे डॉलरचा हा आकडा नव्वदहून अधिक वर्षे टिकला. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील कर शून्यावर आला, नोंदणी मात्र कायम राहिली.

तोवर मॅक्झिम यांची कंपनी बंदुकांकडून इंजिने आणि कारखान्यांकडे वळली होती. वायूचा वेग मोडून आवाज मारण्याचे तेच तत्त्व धुराड्यांना आणि यंत्रांना लागू पडत होते. आणि स्वतः मॅक्झिम तर एका निराळ्याच आवाजाच्या मागे लागले होते. एप्रिल १९१४ मध्ये हार्टफर्डहून जेमतेम तीस मैलांवरील स्प्रिंगफील्डला त्यांचा बिनतारी संदेश पोहोचेना, तेव्हा वाटेवरच्या एका हौशी केंद्राकरवी त्यांनी तो पुढे धाडला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे करत देशभर संदेश का जाऊ नयेत? या विचारातून क्लॅरेन्स टस्का या तरुणाच्या साथीने त्यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. डिसेंबर १९१५ मध्ये तिचे क्यूएसटी हे मासिक सुरू झाले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली हौशी केंद्रांना टाळे लागले. १९१९ मध्ये ते उघडले त्यामागे मॅक्झिम आणि लीग यांचा पाठपुरावा होता. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला, तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. २००१ च्या भूजच्या भूकंपात दूरध्वनी मुके झाले असता भारतातील हॅम मंडळींनी संदेशवहन सांभाळले, ते याच जगद्व्यापी परंपरेतून.

कुतूहल अखेरपर्यंत ओसरले नाही. १९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपटकारांची संघटना उभारली. विश्वातील जीवसृष्टीच्या शक्यतेवर पुस्तक लिहिले. दूर गेलेल्या पित्याच्या आठवणीही मिश्कील मायेने लिहून काढल्या. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉवेल वेधशाळेला भेट देण्यासाठी ते पश्चिमेकडे निघाले असता वाटेतच घशाच्या विकाराने गाठले आणि १७ फेब्रुवारी रोजी कोलोरॅडोतील ला हुंता येथे, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. न्यूइंग्टन येथील लीगच्या केंद्राची खूण आजही त्यांच्याच संकेतचिन्हाची स्मृती वागवते.

बंदुकीच्या टोकाला लावलेल्या डबीने फरक पडतो का, या प्रश्नाचे मॅक्झिम यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर सरधोपट नाही. लहान रायफलच्या धक्क्यात फारसा पडत नाही, तिच्या आवाजात खूप पडतो. मोठ्या रायफलच्या धक्क्यात पडतो, पण तिचा आवाज संपत नाही. उपकरणाची योग्यता त्याला कोणते काम दिले यावर ठरते, हे ओळखून त्यांनी ती विद्या बंदुकीच्या टोकावरून उचलून यंत्रांच्या धुराड्यांवर नेऊन ठेवली. पित्याच्या नावावर रणांगणांचा गडगडाट जमा झाला. पुत्राच्या नावावर थोडी शांतता आणि दूरवरून येणारी, ओळखीची, बिनतारी टिकटिक.