अनुशेष मोजणारा माणूस : प्रा. वि. म. दांडेकर

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी थोरांची चरित्रे येतात. संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक, कवी यांच्याविषयी आपण आदराने लिहितो, आणि ते योग्यच आहे. या वेळी मी एका संख्याशास्त्रज्ञाविषयी लिहावयाचे ठरविले. त्याला कारण माझे गाव. मी दरेकसा येथला. हावडा-मुंबई लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपत आली की आमचे लहानसे स्थानक लागते. भोवती जंगल, जवळच हाजरा धबधबा, आणि माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड बांधव जिथे जमतात ते कचारगड. आमच्या भागाचे वर्णन 'मागास' या एका शब्दात उरकण्याची पद्धत आहे. पण किती मागास? कशात मागास? आणि ते भरून काढावयास पैसा किती लागेल? महाराष्ट्रात या प्रश्नांना प्रथम रुपयांत उत्तर देणाऱ्या समितीचे अध्यक्ष प्रा. वि. म. दांडेकर होते.

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म जुलै १९२० मध्ये सातारा येथे झाला. संख्याशास्त्र हा त्यांचा मूळ विषय. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत ते आले तेव्हा तिची धुरा धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होती. खेड्यात जाऊन, घरोघर विचारून, मग निष्कर्ष काढावयाचा ही त्या संस्थेची शिस्त. दांडेकरांनी ती पुरती अंगी बाणविली आणि गाडगिळांनंतर संस्थेचे संचालकपदही सांभाळले. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक कुमुदिनी दांडेकर या त्यांच्या पत्नी. त्यांचेही संशोधन याच संस्थेत झाले.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांपैकी दांडेकर नव्हते. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याचा गावोगाव काय परिणाम झाला याची पाहणी त्यांनी खुदानपूर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कुळांनी आपखुशीने जमिनी सोडल्याच्या ज्या नोंदी दप्तरात होत्या, त्यांतील आपखुशी किती खरी याविषयी या पाहणीने रास्त शंका घेतली.

त्यांचे नाव देशभर झाले ते १९७१ मध्ये. नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढे तरी अन्न परवडले पाहिजे, ही त्यांची कसोटी. या कसोटीवर १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक उतरत नव्हते. त्यांनी उपायही सुचविला. ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून मागेल त्याला मजुरी द्यावी आणि खर्चाचा भार वरच्या थरातील लोकांनी उचलावा. पुढे महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. हा कर मोठ्या प्रमाणात मुंबईत गोळा होई आणि खेड्यातल्या कामावर खर्च होई. प्रादेशिक विषमता कमी करण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी ठाऊक नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आमचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. स्थानिक कारभार जनपद सभांकडे असे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा वाटा देण्याचे ठरले होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते त्यांच्याकडे आले, पण तिजोरी राज्याकडेच राहिली. स्वतःचे उत्पन्न म्हणावे तर जमीन महसुलावरील उपकर आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी. जिथे बागायत आणि बाजारपेठ आहे तिथे हे उत्पन्न बरे. जिथे बरीचशी जमीन जंगलखात्याची आणि घरे कुडामातीची, तिथे ते नावापुरते. म्हणजे ज्याची गरज मोठी त्याची झोळी लहान. ही तफावत वरून येणाऱ्या अनुदानानेच भरून निघू शकते.

ती वीस वर्षांत भरली गेली नाही, अशी तक्रार विदर्भ-मराठवाड्यातून वाढत गेली. तेव्हा १९८३ मध्ये शासनाने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये तिने अहवाल दिला. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढावयाची, प्रत्येक जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहावयाचे, आणि तेवढे अंतर तोडण्यास येणारा खर्च मांडावयाचा, अशी तिची रीत. या अंतराला नाव मिळाले 'अनुशेष'. एकूण अनुशेष भरला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के.

यातला शेवटचा आकडा अनेकांना रुचला नाही. अनुशेष केवळ आपलाच, असे मानणारे नाराज झाले. अनुशेष मुळात नाहीच, असे म्हणणाऱ्यांचीही सोय उरली नाही. नियोजनाच्या निधीतील ८५ टक्के रक्कम अनुशेष दूर करण्यास द्यावी, ही शिफारस तर सत्तेला फारच जड होती. अहवाल जसाच्या तसा अमलात आला नाही. पण तक्रारीला आकडा मिळाला होता, आणि आकडा एकदा कागदावर आला की तो पुसणे कठीण जाते. पुढे १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली विकास मंडळे आली. त्यांची मुदत २०२० साली संपली. नव्या समितीने पुन्हा मोजणी केली तेव्हा रक्कम १४ हजार कोटींवर गेली होती. किमती वाढल्या होत्या हे खरे, पण अंतरही मिटले नव्हते.

दांडेकरांविषयी आदर बाळगूनही मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्यांचे गणित जिल्ह्याच्या सरासरीवर उभे आहे. पीकविम्याचा विचार करताना त्यांनी एकेका शेताऐवजी सबंध क्षेत्र हा घटक धरला, आणि १९८५ च्या योजनेत ती पद्धत स्वीकारली गेली. तिथे ते सोयीचे होते. अनुशेषात मात्र मोठा घटक धरला की त्याच्या पोटातील उणीव झाकली जाते. तलावांच्या भंडारा जिल्ह्याच्या सरासरीत आमचा डोंगराळ कोपरा दिसणार कसा? १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी सालेकसा तालुका एका टोकालाच राहिला. सीमारेषेचा आणखी एक परिणाम पाहा. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याचा चांगला निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला, पण तो पेसा कायद्याखालील अनुसूचित क्षेत्रासाठी. त्या क्षेत्राच्या यादीत गोंदिया जिल्हा नाही. शेजारच्या गडचिरोलीतील ग्रामसभेला जो पैसा मिळतो, तो कचारगडच्या पायथ्याशी येत नाही. गरज दोन्हीकडे तीच, रेघ मात्र वेगळी.

हा दोष दांडेकरांच्या दृष्टीचा नव्हे. उलट, मोजल्याशिवाय बोलू नये हे त्यांचे व्रत आपण पुढे चालविले नाही, याची ही खूण आहे. जुलै १९९५ मध्ये ते गेले. त्यांनी जिल्हा मोजला. तालुका आणि गाव मोजणे मागे राहिले. ते काम आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले आहे. ग्रामसभेपुढे वर्षाचा जमाखर्च येतो. त्यात वरून किती आले, गावचे स्वतःचे किती, आणि ते कशावर गेले, एवढे जरी आपल्या वर्गातील प्रत्येकाने आपापल्या गावापुरते उतरवून आणले, तरी तालुक्याचा ताळेबंद तयार होईल. पुढच्या वार्षिकांकात तो छापता आला, तर या चरित्रलेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.