बटण आपल्याच हाती!

फ्रान्सचे जनरल द गॉल मला भावतात ते त्यांच्या हट्टामुळे. जन्म १८९०, लिल. १९४० मध्ये फ्रान्स हरला, तरी हे लंडनहून लढत राहिले. १९५८ मध्ये पुन्हा सत्तेवर आले. बॉम्ब आपला हवा आणि बटणही आपल्याच हाती, हा त्यांचा हट्ट. १९६० मध्ये सहारात पहिली चाचणी झाली. ब्रिटनने अमेरिकेची पोलारिस क्षेपणास्त्रं घ्यायचं ठरवलं; जानेवारी १९६३ मध्ये यांनी ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजाराचं दारच बंद केलं, त्यामागे हेही एक कारण. त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीशी मैत्रीचा करार केला, पण बॉम्बमध्ये वाटा नाही! १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी कमांडमधूनही फ्रान्सला बाहेर काढलं. १९७० साली ते गेले. फ्रान्स २००९ मध्ये कमांडमध्ये परतला, पण नाटोच्या अणुनियोजन गटात गेला नाही. हट्ट मान्य, पण शेजारच्या जर्मनीने संकटात कुणाच्या बटणावर विसंबायचं, हा प्रश्न मला काही सुटत नाही.