जोतीरावांचे न वाचलेले नाटक

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी मार्गारेट ॲटवूड ह्या कॅनडातील लेखिकेच्या ‘द हँडमेड्स टेल’ ह्या १९८५ सालच्या कादंबरीविषयी सांगितले. काही माणसे धर्मग्रंथ पुढे करून राज्य बळकावतात, स्त्रीच्या गर्भावर राज्याचा हक्क सांगतात, आणि तिने वाचू नये म्हणून दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे काढून तेथे चित्रे लावतात. उद्याचे भयाण राज्य आजच रंगवून वाचकाला सावध करायचे, ही ह्या जातीच्या कादंबरीची रीत. माणसाच्या इतिहासात कोठे ना कोठे घडून गेले नाही असे आपण त्यात काहीच घातलेले नाही, असे लेखिकेचे सांगणे आहे. तास संपता संपता सरांनी विचारले, मराठीत असे काही आहे काय? वर्ग गप्प. मीही वहीत डोके घालून बसले.

त्या दिवशी घरी जाताना बिंदू चौकात नेहमीप्रमाणे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर ह्यांचे पुतळे दिसले. ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, ते तेथे बसवले गेले. आपण कोल्हापूरकर त्यांना वळसा घालून रोज जातो. पण जोतीरावांनी एक नाटक लिहिले होते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी नव्हते. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्यांचे समग्र वाङ्मय उघडले, आणि सरांच्या प्रश्नाचे उत्तर पुढ्यात आले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. पेशवाई बुडून तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती. ज्या राज्यात जातीचे तंटे आणि प्रायश्चित्ते हा सरकारदरबारचा विषय होता, आणि श्रावणमासात पुण्याच्या रमण्यावर ब्राह्मणांना दक्षिणा वाटणे हे सरकारी खर्चाचे मोठे कलम होते, त्या राज्यात आयुष्य काढलेली माणसे त्यांच्या अवतीभवती वावरत होती. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवण्याच्या कामावरून फुले हे नाव पडले. तेव्हा ॲटवूडबाईंना कल्पनेने उभे करावे लागले ते जोतीरावांना वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळत होते.

आई चिमणाबाई ते वर्षाचे असतानाच गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. शिकण्याने मुलगा बिघडेल असे एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरवले, आणि त्यांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब ह्या दोघा शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत काढली. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊन बसले. तोवर नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्नही झाले होते. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जो अपमान झाला तो प्रसंग आपण शाळेच्या पुस्तकात वाचला आहे. त्याच साली, १८४८ मध्ये, भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि पुढच्याच वर्षी नवराबायकोला वडिलांचे घर सोडावे लागले. धर्माच्या नावाने भ्यालेला बाप पोटच्या पोराला दाराबाहेर काढतो, हे जोतीरावांनी कोठे वाचलेले नव्हते. ते त्यांच्या उंबऱ्यावर घडले.

१८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. आपल्याकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे करून तेव्हा बारा वर्षे झाली होती. रंगभूमीवर देव, दानव आणि राजे ह्यांचा वावर होता. जोतीरावांनी मात्र गरीब कुणबी, त्याची गरोदर बायको आणि दाराशी आलेला जोशी रंगमंचावर आणला.

जोशी येतो आणि त्या बाईला ग्रहांचे भय घालतो. पोटातल्या बाळावर अरिष्ट आहे, अनुष्ठान केले पाहिजे, ब्राह्मणभोजन घातले पाहिजे. नवरा आधी कुरकुरतो, पण बायकोचा चेहरा पाहून वितळतो आणि कर्ज काढतो. पंगती उठतात, ज्यांच्या पैशाने सारे झाले ती दोघे मात्र ताटकळत राहतात. मधूनमधून विदूषक येऊन जोशाच्या मनातले उघडे करतो. पुढे एक पाद्री भेटतो, वादविवाद होतो, आणि अखेर नवराबायको जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. तृतीय रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्येचा डोळा, असा अर्थ अभ्यासक लावतात.

आता ह्यात राज्य कोठे आहे, असे कोणी विचारील. मला वाटते, जोतीरावांची पकड तेथेच आहे. जोशाजवळ शिपाई नाही, चाबूक नाही, तुरुंग नाही. तो अगोदर भय निर्माण करतो, मग त्या भयावरचा उपाय स्वतःच सांगतो, मग त्या उपायाची किंमत ठरवतो. कर्ज घरात येते ते त्या घराच्या संमतीने. आणि ह्या सगळ्याची सुरुवात तो बाईच्या पोटातल्या जीवापासून करतो, कारण माणूस सर्वांत हळवा तेथेच असतो. कंपनी सरकारने पेशव्यांचे निशाण उतरवले. पण जे राज्य निशाणावाचून चालते त्याचे काय करणार? नाटकाचा खरा इशारा हाच आहे.

मला पाद्र्याचा प्रवेश मात्र रुचला नाही. तो फार वेळेवर येतो आणि फार लांब बोलतो. नाट्य तेथे थांबते आणि शिकवण सुरू होते. मिशनच्या शाळेत मिळालेल्या विद्येचे ते ऋण असावे. जोतीराव स्वतः कधी ख्रिस्ती झाले नाहीत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

त्याच साली त्यांच्या शाळेतील मुक्ता ह्या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. पेशवाईत महार-मांगांचे काय हाल होत ते तिने लिहिले, आणि वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा सवाल केला. गुरूने नाटकात जे दाखवले तेच शिष्येने निबंधात सांगितले. निबंध छापून आला. नाटकाच्या वाट्याला तेही आले नाही.

जोतीरावांनी नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते. ही दक्षिणा म्हणजे तीच, रमण्यावरची. इंग्रजांनी ती कमी करत करत तिच्यातला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला होता. भटभिक्षुकांनी दक्षिणा कशी उकळली ते सांगणारे नाटक दक्षिणेच्याच पैशातून बक्षीस मागायला गेले! कमिटीने ते नाकारले. ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त करून ठेवली आहे. नाटक छापून आले ते १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ ह्या नियतकालिकात. म्हणजे एकशे चोवीस वर्षे ते कोणी वाचलेच नाही. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी सगळे होऊन गेले; त्यांतल्या कोणालाही हे नाटक पाहायला मिळाले नाही. मिळते तर मराठी रंगभूमीने कोणते वळण घेतले असते, ह्याचा विचार नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावा.

नाटक लिहिल्यावर पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, रात्री दोन मारेकरी त्यांच्या घरात शिरले. पैशासाठी आलेली ती गरीब माणसे होती. जोतीराव त्यांच्याशी बोलत राहिले, आणि दोघांनी शस्त्रे खाली ठेवली. रोडे रामोशी त्यांचा रक्षक झाला. धोंडिराम कुंभार शिकून त्यांच्या कार्यात आला. नाटकातला कुणबी रात्रीच्या शाळेची वाट धरतो, तसेच हे घडले.

नाटकातील गरोदर बाई जणू त्यांच्या आयुष्यातून हललीच नाही. १८६३ साली त्यांनी आपल्या घराजवळ बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेचा पुनर्विवाह पाप आणि तिचे गरोदर राहणे महापाप, अशा कात्रीत सापडलेल्या बायका नाइलाजाने मूल मारीत किंवा विहीर जवळ करीत. ह्या गृहात येऊन त्यांनी गुपचूप बाळंत व्हावे, अशी सोय होती. येणाऱ्या बहुतेक ब्राह्मण विधवा. भटशाहीवर ज्याने सर्वांत कडक लिहिले त्यानेच ब्राह्मण लेकींची बाळंतपणे आपल्या दारी होऊ दिली. आणि त्यांतल्याच एकीचा मुलगा, यशवंत, फुले पतिपत्नींनी दत्तक घेतला. जोतीरावांना जातिद्वेष्टे म्हणणाऱ्यांनी ह्या एका गोष्टीचा कधी नीट विचार केलेला मला आढळला नाही.

पुढचा जीवनक्रम सर्वपरिचित आहे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ आणि सत्यशोधक समाज. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला भटजीवाचून लागलेले पहिले सत्यशोधक लग्न. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन. नंतर ‘शेतकऱ्याचा असूड’. १८८८ साली मुंबईच्या सभेत महात्मा ही पदवी. बांधकामाची कंत्राटे घेऊन पोट भरणाऱ्या ह्या माणसाने सरकारी शिष्यवृत्तीवर काही लिहिले नाही, हेही सांगायला हवे. १८८८ मध्येच अर्धांगाने उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहू लागले. त्यात त्यांनी एक घर कल्पिले आहे: बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. ‘तृतीय रत्न’मधले घर ज्याने पाहिले होते त्यालाच हे दुसरे घर सुचले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक पुढच्या वर्षी छापले गेले.

जोशी मात्र गेला नाही. १८९९ साली तो आपल्याच पंचगंगेच्या घाटावर दिसला. स्नानाच्या वेळी शाहू छत्रपतींसाठी पुराणोक्त मंत्र म्हणणाऱ्या भटजीने, आपण शूद्र असल्याने वेदोक्त मिळणार नाही, असे महाराजांना तोंडावर सांगितले. कुणब्याच्या झोपडीत जे चालले होते ते राजाच्या घाटावरही चालले. फरक इतकाच की ह्या यजमानाजवळ राज्य होते. राजोपाध्यांची वतने गेली, १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज निघाला, पुरोहितांची नवी शाळा झाली, आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. महाराजांनी ‘तृतीय रत्न’ वाचणे शक्यच नव्हते. तरी ते तिसऱ्या डोळ्यापर्यंत पोचले.

हे सगळे मी इतक्या आवेशाने लिहिते आहे त्याला घरचे एक कारण आहे. मध्यंतरी ग्रहण होते आणि वहिनींना सातवा महिना होता. आमच्या घरात सगळे शिकलेले. तरीही त्यांना काळोख्या खोलीत बसवून ठेवले. विळी नको, सुई नको, पाणीसुद्धा नको. कोणी जोशी आला नव्हता. आमच्याच आईने, माझ्या देखत, त्यांना आत नेऊन दार ओढून घेतले, आणि मी, बी. ए.च्या वर्गात बसणारी मुलगी, काही बोलले नाही. ग्रहण सुटेपर्यंत त्या दाराबाहेर बसून राहिले, एवढेच.

नंतर एका दुपारी मी वहिनींना ह्या नाटकाची गोष्ट सांगितली. त्या निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून ऐकत राहिल्या. जोशावर हसल्या, पंगतीच्या प्रसंगाला गप्प झाल्या. शेवटी त्यांनी विचारले, त्या बाईला मग काय झाले, मुलगा की मुलगी, आणि बाळ सुखरूप होते ना? मी पुस्तक पुन्हा काढून शेवटची पाने चाळली. नाटक संपते तेव्हा ती अजून गरोदरच असते.