रेव्हरंड नारायण वामन टिळक : दुरावा आणि समेट

याकोबाने कपटाने आशीर्वाद मिळविला आणि एसावाशी त्याची तेढ पडली. वीस वर्षांनी वडील भाऊच धावत जाऊन धाकट्याच्या गळ्यात पडला, तेव्हा ती मिटली. अशीच एक तेढ महाराष्ट्रातील एका थोर घरी पडली होती. तिची हकीकत आम्ही येथे देत आहो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील फार तापट होते. आई वारल्यावर बालवयातच टिळकांनी घर सोडून नाशिक गाठले. वडिलांचा शीघ्रकोप मात्र त्यांच्याही अंगी उतरला होता. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. त्याच लक्ष्मीबाई.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तो वज्राघातच होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या, आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेल्या पंढरपुरी, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. दुःख होते, रागही होता. परंतु टिळकांची पत्रे येत राहिली व संबंधाचा धागा तुटला नाही.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीजवळ आल्या. त्यांनी आपला धर्म सोडला नव्हता. त्यांचे सोवळे व स्वयंपाकपाणी निराळे होते. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. पुढे जातिभेदाविषयी लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतंत्र विचार सुरू झाला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आधी समेट झाला, एकमत मागून आले, हे आम्हांस विशेष वाटते.

त्यानंतरही या घरी खटके उडतच. पण ते मनात साठून राहिले नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्यांनी पतीचा कोप झाकला नाही व त्यांच्यावरील प्रीतीही लपविली नाही.

याउलट दाविदाने अबशालोमास यरुशलेमेत परत आणविले, पण दोन वर्षे त्यास दर्शन दिले नाही. पुढे पुत्राने बंड केले व तो प्राणास मुकला. शेताच्या बांधावरून वा वाटणीवरून एकाच गावात अबोला धरणारी घरे आपल्या जिल्ह्यातही आहेत. एकमत होईपर्यंत तेथे कोणी थांबू नये. विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी आधी बोलणे सुरू करावे, एवढेच आमचे मागणे आहे.